क्लेमेंटीतलं हातानं तोडलेलं मी-हून-क्वे

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. मी-हून-क्वे, म्हणजे मैद्याच्या कणकेचे हातानं तोडलेले नूडल, मागवा, सूपमधलं मागवा, आणि तिथल्याच स्टुलावर बसून खा. ड्राय बान मिएन, म्हणजे चपट्या नूडलचा कोरडा प्रकार, ठीक आहे, त्याच्या पुढे नाही. आणि घरी बांधून नेणार असाल तर दुसऱ्या कुठल्या तरी स्टॉलवरचा चिकन राइस न्या, तो प्रवास सहन करतो.

स्टॉल सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात आहे, वेट मार्केटला (ताज्या भाजी-मासळीच्या बाजाराला) लागून असलेल्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखालच्या खाण्याच्या स्टॉलांच्या जागेत. नाव लिहीत नाही, कारण पाटीवर ठळक अक्षरं चिनी आहेत आणि त्याखाली रोमन लिपीत नुसतं 'हँडमेड नूडल्स' एवढंच लिहिलंय. या मजकुराच्या पाट्या सिंगापुरात पावलोपावली आहेत. खूण सांगायची तर भाजीवाल्यांच्या बाजूनं आत शिरलात की शेवटच्या रांगेत जिथे एका ओळीत चार-पाच छोट्या शेगड्या एकदम भणभणत असतात, तो स्टॉल. एक अंकल, एक आंटी. अंकल कणकेकडे, आंटी शेगडीकडे आणि गिऱ्हाइकाकडे. तिसरं माणूस नाही.

फळ्यावरच्या जिनसा दहा-बारा दिसल्या तरी गोंधळून जायचं कारण नाही. मैद्याच्या एकाच कणकेचे तीन आकार आहेत, आणि ते सूपमध्ये घ्यायचे की कोरडे, एवढाच प्रश्न. बान मिएन म्हणजे चपट्या लांब पट्ट्या. यू मिएन म्हणजे त्याच कणकेच्या बारीक तारा. मी-हून-क्वे म्हणजे हातानं ओढून तोडलेले वेडेवाकडे तुकडे. बाकी फळा म्हणजे याच तिघांवर कोळंबी, मासळीचे काप किंवा तोम याम हे आंबट-तिखट थाई सूप घालून वाढवलेली यादी.

आता 'हँडमेड'चं. बहुतेक स्टॉलवर कणीक तिथल्या तिथे मळलेली असते, हे खरं. पण बान मिएन आणि यू मिएन निघतात ते रुळाच्या यंत्रातून. कणकेचा गोळा एका बाजूनं सारायचा, लाटलेली पट्टी दुसऱ्या बाजूनं बाहेर, मग कातणीचा रूळ लावून हव्या त्या रुंदीच्या पट्ट्या. याही स्टॉलवर तेच आहे. यंत्र काउंटरवर समोरच ठेवलंय, लपवलेलं नाही. त्यात काही वाईट नाही. कारखान्यातून आलेल्या पिवळ्या 'मी' नूडलपेक्षा ते कितीतरी बरं. पण हात लागतो तो फक्त मी-हून-क्वेला. बान मिएन आणि मी-हून-क्वे एकाच किमतीत मिळत असताना यंत्राचं का घ्यायचं, हा माझा साधा हिशोबी प्रश्न आहे. (पेशानं अकाउंटंट आहे, चालवून घ्या.)

अंकलचं काम बघत उभं राहावं असं आहे. कणकेचे गोळे तेलाचा हात लावून, झाकून ठेवलेले असतात. ही कणीक चांगली मुरावी लागते. न मुरलेली कणीक ओढली की रबरासारखी परत आकसते आणि तुकडे जाड राहतात. मुरलेली कणीक ओढावी तेवढी ओढली जाते. अंकल गोळा डाव्या हातात धरतो, उजव्या अंगठ्यानं कड दाबत पातळ करतो, ओढतो आणि तोडून थेट उकळत्या भांड्यात टाकतो. एका वाडग्याचे तुकडे पडायला एक मिनिटही लागत नाही. भांड्याकडे तो बघतसुद्धा नाही, समोरच्या कोपी (कॉफी) स्टॉलवाल्याशी गप्पा चालू असतात.

हातानं तोडल्याचा फायदा तोंडात कळतो. प्रत्येक तुकडा कडेला पातळ आणि मध्ये किंचित जाड असतो. कड सूप पिऊन मऊ, जवळजवळ निसरडी झालेली असते, आणि मधला भाग दाताला उलट जोर लावतो. यंत्राच्या पट्टीत ही गंमत नाही, तिथे पहिला घास आणि दहावा घास सारखाच. शिवाय तुकड्यांना जिथे घडी पडते तिथे सूप अडकतं.

माझं सासर साताऱ्याचं. तेव्हा 'म्हणजे आपल्या चकोल्याच की!' हे वाक्य घरात पहिल्याच दिवशी उमटलं, आणि तुमच्याही घरात उमटेल. दिसायला आहेतच. पण चकोल्या आमटीतच शिजतात आणि शिजताना आमटी दाट करतात. तो दाटपणाच तर आपल्याला हवा असतो. इथे उलटं आहे. सूप पातळ आणि शक्य तितकं नितळ राहायला हवं. मैद्याची भुकटी सूपमध्ये उतरली की ते गढूळ होतं, चिकट होतं, आणि मासळीचा वास दबून जातो. म्हणून काळजी घेणारे स्टॉल तुकडे आधी साध्या उकळत्या पाण्यात काढतात आणि मग सूपमध्ये घालतात. घाईवाले थेट सूपमध्ये उकळतात. या आंटीचा मधला मार्ग आहे. तुकडे अर्धे पाण्यात, मग जाळीच्या झाऱ्यानं निथळून छोट्या भांड्यातल्या सूपमध्ये शेवटचे दोन चटके. म्हणजे सूप स्वच्छ राहतं आणि तुकडाही अळणी लागत नाही. चार-पाच शेगड्या त्यासाठीच. प्रत्येक वाडगा वेगळ्या भांड्यात शिजतो, मोठ्या पातेल्यातून डावानं वाढलेला नसतो.

सूप हा माझ्या अभिमानाचा विषय आहे, कारण मी अलिबागची आहे आणि सुक्या मासळीबद्दल कोणी मला शिकवावं असं मला वाटत नाही. या सूपचा पाया म्हणजे इकान बिलिस, बोटाच्या पेराएवढी सुकवलेली मासळी, आणि जोडीला डुकराची हाडं. इकान बिलिसचं डोकं आणि पोटातला काळा धागा काढला नाही तर सूपला शेवटी कडवट झाक येते. पहिल्या चमच्याला नाही कळत, वाडगा अर्धा झाल्यावर जिभेच्या मुळाशी कळते. अनेक स्टॉलवर ती असते, कारण एवढ्याशा मासळीचं डोकं खुडत बसायला वेळ कुणाला आहे? इथे ती नाही. सूप गोडसर आहे, मासळीचा वास पुढे आहे आणि हाडांचा चिकटपणा ओठांना जाणवेल इतपतच आहे. दुपारी गर्दी ओसरल्यावर आंटी प्लास्टिकच्या टोपलीत मासळी घेऊन खुडताना दिसते. ते बघितलं आणि माझी खात्री पटली.

तक्रार आहे ती मिठाची. सकाळी अकराच्या सुमाराला सूप बरोबर असतं. दोननंतर पातेलं आटत गेलेलं असतं आणि तेच सूप खारट लागतं. त्यात वरून तळलेली इकान बिलिस मूठभर पेरतात, ती स्वतःच खारट. उशिरा गेलात तर सांगा, "आंटी, लेस सॉल्ट", ती गरम पाणी घालून देते, तोंड वाकडं न करता. पण हे गिऱ्हाइकानं का सांगायचं? पातेल्यात पाणी आणि मासळीची भर घालत राहणं हे स्टॉलचं काम आहे.

वरच्या जिनसांत सगळ्यात जास्त मला आवडते ती पालेभाजी. सायुर मानिस, गडद हिरवी, बारीक पानांची. केरळात हीच भाजी चेकुरमानिस नावानं परसात लावतात, तेव्हा तुमच्यातल्या कुणी ती तिथे खाल्ली असेल. पानं देठावरून ओरबाडून काढायची आणि शिजवण्याआधी हातानं चुरगाळायची, नाहीतर राठ लागतात. हे काम किचकट, म्हणून बऱ्याच ठिकाणी हल्ली पालक नाहीतर कोबी टाकून मोकळे होतात. इथे अजून सायुर मानिसच मिळते आणि भरपूर मिळते. शेवटच्या क्षणी भांड्यात पडते, त्यामुळे हिरवीगार राहते.

अंडं सूपमध्ये फोडून घालतात. तुम्ही काही बोलला नाहीत तर आंटी ते ढवळत नाही, पिवळा बलक अखंड राहतो. काहीजण तो लगेच फोडून सूपमध्ये मिसळतात. मला विचाराल तर थांबा. निम्मे तुकडे खाऊन झाले की फोडा. तोवर तो बाहेरून धरलेला आणि आत वाहता असतो, आणि उरलेल्या सूपची चवच बदलते, जणू दुसरा वाडगा मागवलाय. खिम्याचे गोळे मात्र सुमार आहेत. मऊ आहेत, ताजे आहेत, पण पांढऱ्या मिऱ्याशिवाय त्यांना स्वतःचं असं काही म्हणायचं नाही. शिटाके मशरूमच्या दोन-तीन फोडी, तळलेला कांदा, संपलं.

तिखटाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी माणूस सूप नूडल बघून पहिली शंका घेतो ती हीच की 'आजाऱ्याचं जेवण' असणार. वाडगा आहे सौम्यच. पण बाजूच्या बशीत दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे सोया सॉसमध्ये कापलेली चिली पादी, ही इवलीशी आणि भलतीच तिखट. दुसरा म्हणजे लाल मिरची, लसूण आणि आंबट कालामान्सी लिंबाचं वाटण. पहिला बहुतेक सगळीकडे असतो. दुसरा या अंकलचा स्वतःचा आहे, आणि तो बाटलीत भरून विकला तर मी महिन्याच्या सामानात घेईन. तो सूपमध्ये ओतू नका. एवढं जपून केलेलं सूप लाल आणि आंबट करून टाकाल. तुकडा चमच्यात घ्या, बशीत टेकवा, खा. आंटी ऑर्डर घेताना "चिली वाँट?" असं विचारते, तेव्हा नुसतं 'येस' म्हणाल तर सोयावालाच येतो. दुसऱ्याच्या बरणीकडे बोट दाखवा.

ड्राय बान मिएनला मी 'ठीक' का म्हटलं, तेही सांगते. कोरड्या प्रकारात काळा सोया सॉस, तेल आणि तिखट वाडग्याच्या तळाशी असतं, वर नूडल, आणि सूप वेगळ्या छोट्या वाटीत. तो सॉस इथे गोड आणि जड आहे, आणि पट्ट्या दोन मिनिटांत एकमेकींना चिकटून त्यांचा गठ्ठा होतो. सोडवायला वाटीतलं सूप ओतावं लागतं. मग सूपवालंच का नाही घ्यायचं?

बांधून नेण्याची कथाही तीच. इथे त्याला दाबाओ म्हणतात. डब्याचे तीस सेंट जास्त, सूप आणि नूडल वेगळे बांधून देतात, प्रामाणिकपणे देतात. पण ताज्या कणकेचा हा तुकडा शिजत राहतो. वाफेवर शिजतो, स्वतःच्या उष्णतेवर शिजतो. घरी पोचेपर्यंत पातळ कडा विरघळलेल्या आणि मधला भाग फुगलेला असतो. खरं म्हणजे टेबलावरसुद्धा दहा मिनिटांच्या आत संपवायला हवं. फोटो काढायचा असेल तर एकच काढा.

आता जे पोर्क खात नाहीत त्यांच्यासाठी, आणि आपल्यात ते पुष्कळ आहेत, माझा नवराही त्यांतलाच. "नो पोर्क" म्हणालात तर आंटी खिमा काढून टाकेल आणि मान डोलावेल. पण सूप हाडांचंच आहे, आणि कांदा बहुधा लार्डमध्येच (डुकराच्या चरबीत) तळलेला. वरून चार गोळे काढल्यानं काही बदलत नाही. मासळीचं बान मिएन फळ्यावर आहे म्हणून फसू नका, सूप तेच. हलाल हवं असेल त्यांनी स्टॉलवर हलालचं प्रमाणपत्र लावलंय का ते बघून घ्यावं, इथे नाही.

शाकाहाऱ्यांनी हा स्टॉल सोडून द्यावा, पण मी-हून-क्वे सोडू नये. बऱ्याच हॉकर सेंटरांत बौद्ध शाकाहारी स्टॉल असतो, त्यांतल्या काहींकडे मशरूमच्या सूपमधलं मिळतं. तिथे सहसा कांदा-लसूणही घालत नाहीत, म्हणजे चातुर्मासवाल्या सासूबाईंचीही सोय झाली. एवढंच बघा की चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे जाऊ नका. त्या दिवशी अनेक चिनी लोक शाकाहार पाळतात आणि रांग थेट जिन्यापर्यंत जाते. आमच्याकडे हा नवरा या रांगेत, मी त्या रांगेत, आणि टेबल एकच, असा संसार चालतो.

नव्यानं आलेल्यांना जागेचे रिवाज. आधी टेबल धरा. टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवलं की जागा तुमची झाली, त्याला 'चोप' करणं म्हणतात. कोणाचं पाकीट असलेल्या टेबलावर बसू नका. बघणारे बोलणार नाहीत, पण बघतील. मग रांग. आंटी ऑर्डर कागदावर लिहीत नाही, तोंडपाठ ठेवते, आणि आजवर माझ्यासमोर तरी चुकलेली नाही. पैसे रोख किंवा क्यूआर. वाडगा आपणच उचलून आणायचा. खाऊन झाल्यावर ट्रे परत ठेवायचा. 1 सप्टेंबर 2021 पासून हॉकर सेंटरांत हा नियम सक्तीचा आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा 300 डॉलर दंड. ट्रे ठेवायच्या जागा हलाल आणि बिगरहलाल अशा वेगळ्या असतात, तेवढं पाटी वाचून ठेवा.

किंमत साडेपाच डॉलर. जास्तीचं अंडं ऐंशी सेंट. आंटीच्या रांगेत यावर कुरकुर ऐकू येते, बाजूच्या सेंटरला पाच आहे वगैरे. मला ही कुरकुर पटत नाही. 2016 साली सिंगापूरच्या पहिल्या मिशलिन गाइडमध्ये दोन हॉकर स्टॉलना तारा मिळाला, त्यांतला एक हिल स्ट्रीट ताय ह्वा, नूडलचाच. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. 2020 च्या डिसेंबरात युनेस्कोनं इथल्या हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हाही केलं. मग तोच वारसा पन्नास सेंटनी महागला की लगेच लोकांचं तोंड का वाकडं होतं? मॉलच्या तळघरातल्या फूड कोर्टात यंत्राचं बान मिएन यापेक्षा महाग मिळतं आणि तिथे कोणी हूं की चूं करत नाही.

हे सेंटर त्या पिढीचं आहे जेव्हा सरकारनं रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना उचलून छताखाली आणलं. 1968-69 मध्ये त्यांची नोंदणी झाली, 1971 ते 1986 या काळात सेंटरं बांधून त्यांना हलवलं. नळाचं पाणी, गटार, पक्के ओटे हे सगळं तेव्हाचं. अंकल त्या काळी पोरगेला असणार. सिंगापुरातल्या हॉकरांचं मधलं वय साठीच्या घरात गेलंय, आणि अंकल त्याहून मोठा दिसतो. दिवसभर अंगठ्यानं कणीक दाबायची म्हणजे काय, हे ज्यांनी लग्नाच्या पंगतीला पोळ्या लाटल्यात त्यांना विचारा. त्याच्या उजव्या अंगठ्याला हल्ली चिकटपट्टी असते. गर्दीच्या वेळी मी-हून-क्वेला दहा-पंधरा मिनिटं लागतात, बान मिएन पाचात येतं. आंटी घाईच्या माणसाला स्वतःच बान मिएन घ्यायला सुचवते. तुम्हाला सुचवलं तर ठामपणे नाही म्हणा. मात्र जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटंच असतील तर तिचं ऐका.

सोबत काय प्यावं? समोरच्या कोपी स्टॉलवरची कोपी सी, म्हणजे आटवलेल्या दुधाची कॉफी, कमी गोड हवी असेल तर 'सिउ दाय' म्हणायचं. पण ती सूपनंतर. सूपबरोबर काही लागत नाही. ज्यांना काहीतरी थंड हवंच त्यांनी बार्लीचं पाणी घ्यावं. तेह पेंग, म्हणजे दुधाचा थंड चहा, घेऊ नका, दूध आणि मासळी एकत्र ही कल्पना मला अजून झेपलेली नाही, इथे कितीही वर्षं काढली तरी.

वेळ सकाळी साडेनऊ-दहापासून दुपारी तीनपर्यंत, किंवा कणीक संपेपर्यंत. रविवारी ती एकच्या आत संपते. सोमवारी बंद. शिवाय साधारण दर तीन महिन्यांनी आख्खं सेंटर साफसफाईसाठी बंद असतं, तारखा आधी लागतात, त्या बघून निघा. लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी यू मिएन घ्या, बारीक असतं, पटकन गिळतात. ज्येष्ठांना मी-हून-क्वे चावायला जड जाईल अशी भीती वाटत असेल तर आंटीला "सॉफ्ट, सॉफ्ट" म्हणा, ती दोन मिनिटं जास्त ठेवते. माझ्या सासूबाईंनी मात्र तसं सांगू दिलं नाही. त्यांनी आख्खा वाडगा संपवला, लसणाचं तिखट दोनदा मागून घेतलं आणि उठताना एवढंच विचारलं, याला हळद का घालत नाहीत.